पेट्रोलवर उडणारं मोठं लढाऊ विमान बांधायचंय? आधी त्याचे पाय बघा

अडीच मीटर पंखांचं, पेट्रोल इंजिनाचं, रेडिओवर उडवायचं स्पिटफायरचं मॉडेल स्वतः बांधायचं आहे. पाठीशी फोमची इलेक्ट्रिक विमानं उडवण्याचा अनुभव आणि बाल्साच्या हलक्या लाकडाची दोनेक लहान मॉडेलं. सुरुवात कुठून करावी, असा तुमचा प्रश्न. मी आधी तुमचं विमानच बदलायला सांगणार आहे, त्यामुळे थोडा राग येईल. तरी पुढचं वाचा.

मोठ्या लढाऊ मॉडेलांची बहुतेक मोडतोड जमिनीवर किंवा जमिनीपासून हातभर उंचीवर होते. धावपट्टीवर भरकटतात, नाकावर पालथी होतात, उतरताना एक पाय मुडपतो आणि पंख घासत जातो. म्हणून पहिलं विमान निवडताना मी पंखांचा आकार, रंग, इतिहास यातलं काही बघत नाही. पाय बघतो. दोन चाकांत अंतर किती, पाय कुठे जोडलेले आहेत, मिटताना कुठल्या दिशेला जातात.

स्पिटफायरचे पाय पंखाच्या मुळाशी जोडलेले आणि बाहेरच्या बाजूला मिटणारे. त्यामुळे ११.२३ मीटरच्या पंखांखाली दोन चाकांत अंतर जेमतेम पावणेदोन मीटर. जर्मन एफडब्ल्यू-१९० चे पंख त्याहून लहान, साडेदहा मीटरचे, पण चाकांतलं अंतर साडेतीन मीटर. १/५ मापात हेच अनुक्रमे ३५ आणि ७० सेंटिमीटर होतं. ३५ सेंटिमीटरवर उभं असलेलं दहा-बारा किलोचं विमान आडव्या वाऱ्यात, गवतावर, तेही डावीकडे ओढणाऱ्या इंजिनासह धावतं तेव्हा काय होतं, ते कुठल्याही मैदानावर बघायला मिळेल. मेसरश्मिट १०९ ची तीच गत: पंख काढले तरी विमान स्वतःच्या पायांवर उभं राहावं म्हणून पाय धडालाच जोडले, आणि उड्डाण-उतरणीच्या अपघातांसाठी ते विमान बदनाम झालं. मापात बांधलं की हा स्वभावही मापातच येतो.

मग काय बांधायचं? माझी पहिली शिफारस ऐकून लोकांची तोंडं उतरतात: पायपर एल-४ ग्रासहॉपर. पायपर कब या लहान पिवळ्या विमानाचीच लष्करी आवृत्ती, दुसऱ्या महायुद्धात टेहळणीला आणि तोफखान्याला मारा दाखवायला वापरलेली. पंख १०.७ मीटर, म्हणजे १/४ मापात जवळजवळ २.७ मीटर. तुम्हाला हवं होतं त्याहून मोठंच. पाय मिटत नाहीत, इंजिन ३० ते ४० सीसीचं पुरतं, आणि मुख्य म्हणजे ते रडर (शेपटीचं उभं सुकाणू) वापरायला भाग पाडतं. फोमच्या विमानांवर शिकलेल्यांचा रडरचा अंगठा बहुतेक झोपलेला असतो. नुसत्या एलेरॉननं (पंखाच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या फळ्यांनी) वळवलेला कब नाक उलट्या दिशेला फिरवतो आणि वेडावाकडा सरकतो. तिथे लागलेली सवय पुढे प्रत्येक लढाऊ विमानाला जमिनीवर सरळ ठेवते.

कब नकोच असेल तर फेअरचाइल्ड पीटी-१९ बघा. खाली पंख, दूर दूर जोडलेले न मिटणारे पाय, लष्करी प्रशिक्षण विमान. टी-६ टेक्सन, म्हणजे हार्वर्ड, हेही प्रशिक्षण विमानच होतं, पण त्या नावाला भुलू नका. वेग कमी झाला की त्याच्या पंखाचं टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे विमान उचलून धरायची ताकद गमावतं, आणि विमान एका कुशीवर कोसळतं. मॉडेलमध्ये तर जास्तच. आणि मिटणाऱ्या पायांचं खरंखुरं फायटरच हवं असेल तर पी-४७ थंडरबोल्ट. भरपूर मोठा पंख, रुंद अंतराचे आत मिटणारे पाय, आणि इंजिन-सायलेन्सर सगळं पोटात घेणारा गोल काऊल, म्हणजे इंजिनावरचं कवच. गंमत म्हणजे त्याचे पंख १२.४३ मीटर, म्हणजे १/५ मापात बरोबर अडीच मीटर. तुमचं अडीच मीटरचं स्पिटफायर १/४.५ मापाचं झालं असतं, आणि वैमानिकाचा पुतळा, चाकं, स्पिनर (प्रॉपेलरची टोपी), डायल असल्या तयार वस्तू १/५ आणि १/४ मापांत जास्त सहज मिळतात.

‘मोठं’ कशाला म्हणायचं, याचा एक रूढ निकष आहे: एकपंखी विमानाला ८० इंच, द्विपंखीला ६० इंच, किंवा अचूक १/४ माप. मोठं विमान उडवायला सोपं असतं हे खरं आहे, पण त्याचं कारण समजून घ्या, कारण वजनाचा सगळा हिशेब तिथेच आहे. १/५ मापात लांबी पाचपट कमी होते, पंखाचं क्षेत्रफळ पंचवीसपट, घनफळ सव्वाशेपट. भरलेलं पी-५१ मस्टँग सुमारे ४१७५ किलोचं. सव्वाशेनं भागलं तर ३३ किलो. आपण मॉडेल बांधतो १२ किलोचं. मूळ विमानाच्या पंखावर दर चौरस मीटरला १९० किलोच्या आसपास भार, मॉडेलच्या पंखावर १४ किलोही नाही. भार जवळपास चौदापट कमी, म्हणून स्टॉलचा वेग साधारण पावणेचारपट कमी. मोठं मॉडेल हवेत तरंगल्यासारखं दिसतं ते यामुळे.

आता तेच विमान १६ किलोचं झालं असं धरा. हे वाटतं त्याहून सहज होतं: जाड इपॉक्सी, चार थर रंग, पितळेचं कॉकपिट, शेपटीत दोन सर्वो (रडर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी). स्टॉलचा वेग १५ टक्क्यांनी वाढला. फार नाही असं वाटेल. पण टेकताना पायांना जी ऊर्जा पचवायची असते ती वजन गुणिले वेगाचा वर्ग. वजन तिसऱ्या हिश्शानं जास्त, वेगाचा वर्गही तेवढाच जास्त, म्हणजे एकूण ऊर्जा पाऊणेकपट वाढली, आणि पाय तेच. दर उतरणीला पाय वाकतात अशी तक्रार करणाऱ्याला मी आधी विमान काट्यावर ठेवायला सांगतो.

वजनाचा खरा शत्रू शेपटीत बसतो. लढाऊ विमानांची नाकं आखूड असतात, गोल इंजिनवाल्यांची तर फारच. गुरुत्वमध्यापासून शेपूट जितकी लांब, त्याच्या निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर नाक. म्हणजे शेपटीत १०० ग्रॅम जास्त गेले की नाकात दोनशे ते तीनशे ग्रॅम शिसं. त्यामुळे बाल्सा विकत आणला की प्रत्येक फळी तोलून घ्या, सगळ्यात हलक्या फळ्यांवर ‘शेपूट’ लिहून बाजूला ठेवा. मागच्या धडाला आतून इपॉक्सी थापू नका. एलिव्हेटरचे (शेपटीच्या आडव्या हलणाऱ्या फळीचे) सर्वो शेपटीजवळ ठेवले की दांडे आखूड आणि घट्ट राहतात, म्हणून लोक तिथे ठेवतात. पण आखूड नाकाच्या विमानात ते पुढे आणा आणि कार्बनचा दांडा किंवा दोन्ही बाजूंनी ओढणारी तार वापरा. बॅटऱ्या, एअर टाकी, इग्निशन, सगळं फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन बसवायच्या भिंतीच्या, जितकं जवळ जाईल तितकं.

आणि म्हणूनच इंजिन निवडताना हलकं इंजिन शोधण्यात अर्थ नाही. कसरतीच्या विमानवाल्यांना ग्रॅम-ग्रॅम मोजू द्या. आपल्याला नाकात वजन हवंच आहे, ते शिशाऐवजी इंजिनाचं का नसावं? झेनोआ जी-६२ सारखं मॅग्नेटोवालं जड इंजिन म्हणूनच लढाऊ मॉडेलांत इतकं टिकून राहिलं. मॅग्नेटोला वेगळी इग्निशन बॅटरी लागत नाही, ठिणगी बिनबोभाट मिळते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची नवी ५५-६० सीसीची इंजिनं हलकी आणि सुरू करायला सोपी. दहा-बारा किलोच्या विमानाला दोन्ही चालतात. ग्लो इंजिनाचा विचार ३० सीसीच्या पुढे करू नका. मेथॅनॉलचं इंधन बरंच जास्त पितं, विमान तेलात न्हाऊन निघतं, आणि ते तेल एकदा उघड्या लाकडात मुरलं की पुढे गोंद धरत नाही.

पेट्रोल इंजिनाच्या बारीकसारीक गोष्टी कबवरच शिकून घ्या. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं तेल उत्पादकानं सांगितलेल्या प्रमाणात, बहुतेक ३० ते ५० भागांना एक. ग्लोची सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि सुटते; टाकीच्या आत-बाहेर पेट्रोलला टिकणारी नळीच हवी, बूचही पेट्रोलचंच. कार्ब्युरेटरला स्वतःचा पडद्याचा पंप असतो, त्यामुळे टाकी इंजिनाला चिकटवावी लागत नाही. ती गुरुत्वमध्यावर ठेवा, म्हणजे इंधन संपत आलं तरी विमानाचा तोल बदलत नाही. कार्ब्युरेटरच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, पडद्याला बाहेरच्या हवेचा दाब कळावा म्हणून. बंद काऊलमध्ये वेगानं घुसलेली हवा तिथे दाब बदलते; मग जमिनीवर अगदी नीट जुळवलेलं इंजिन हवेत गुरगुरतं आणि माणूस निडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवत बसतो. झाकणाला पितळेची बारीक नळी डाखून, त्यावर लांब नळी चढवून तिचं दुसरं टोक धडाच्या आत सोडलं की प्रश्न संपतो.

इंजिन थंड ठेवण्याबद्दल मात्र घाई नको. काऊलला पुढे मोठं तोंड आहे म्हणून इंजिन थंड राहतं, हा समज चुकीचा. हवा सोप्या वाटेनं जाते, सिलिंडरला वळसा घालून निघून जाते. गोल काऊलमध्ये दाखवायला लावलेल्या खोट्या इंजिनाच्या मागे पातळ प्लायची भिंत घालून सगळं बंद करा आणि फक्त खऱ्या सिलिंडरसमोर भोक ठेवा, म्हणजे आलेली सगळी हवा सिलिंडरच्या चकत्यांमधूनच जाईल. बाहेर पडायची जागा आत यायच्या जागेच्या दुप्पट-तिप्पट हवी, कारण तापलेली हवा फुगते. मस्टँगसारख्या निमुळत्या नाकात हे सगळ्यात अवघड. पोटाखालची खिडकी मापाच्या बाहेर जाते म्हणून लोक ती लहान ठेवतात आणि इंजिन तापून हवेत बंद पडतं. तेव्हा खिडकी मोठी करा, ती पोटाखाली कुणाला दिसत नाही.

प्रॉपेलरही मापाचा बसत नाही. मस्टँगचा ११ फुटांहून मोठा चार पात्यांचा प्रॉपेलर १/५ मापात जवळपास २७ इंचांचा होतो. ६० सीसीचं इंजिन २२ इंचांच्या आसपासचा दोन पात्यांचाच नीट फिरवतं. मापाचा प्रॉपेलर वेगळा बनवा, प्रदर्शनाच्या टेबलावर लावा. उडायच्या प्रॉपेलरचं टोक, शेपूट वर आल्यावर जमिनीपासून किती उंच राहतं ते पाय बसवण्यापूर्वीच आराखड्यावर मोजा. कोर्सेअरला उलटे मुडपलेले पंख का द्यावे लागले, तर हेच: चार मीटरच्या प्रॉपेलरला जागा हवी आणि पाय मात्र आखूड.

आता पुन्हा पायांकडे. रिट्रॅक्ट, म्हणजे मिटणारे पाय, हवेच्या दाबाचे घ्यावेत की विजेचे, यावर मैदानावर वाद होतात. पहिल्या फायटरला विजेचे घ्या. हवेच्या यंत्रणेत टाकी, नळ्या, झडपा आणि डझनभर सांधे. त्यातला एखादा हळूच गळतो आणि विमान एका पायावर घरी येतं. पाय बसवायची पाटी पाच-सहा मिलिमीटर बर्च प्लायची, दोन्ही बाजूंना प्लायचा थर दिलेल्या रिबांमध्ये (पंखाच्या फासळ्यांमध्ये) अडकवलेली, आणि स्पारला (पंखाच्या मुख्य तुळईला) जोडलेली. ती नुसत्या बाल्साच्या रिबांत चिकटवली तर पहिल्या आपटीला सगळं एकत्र उपटून येतं. विमान आडवं धरलं असता चाकाचा आस पंखाच्या पुढच्या कडेच्या आसपास यावा. मागे राहिला तर नाकावर पडेल, फार पुढे गेला तर उड्या मारेल. दोन्ही चाकं किंचित आत वळलेली, अंशभरच. पायांची दारं पहिल्या काही उड्डाणांत लावूच नका. गवतात तीच आधी तुटतात.

बांधणीबद्दल थोडक्यात. पूर्ण किट परवडत नसेल तर आराखडा आणि लेझरनं कापलेल्या रिबा आणि फॉर्मर (धडाच्या आडव्या चौकटी) यांचा संच घ्या. बाकी काठ्या, फळ्या स्वतः कापता येतात. स्पारच्या मधल्या वेबचे, म्हणजे वरची-खालची काठी जोडणाऱ्या पातळ फळीचे, तंतू उभेच हवेत, आडवे नाहीत. पंखाच्या टोकाला दोनेक अंशांचा पीळ, पुढची कड खाली, म्हणजे टोक शेवटी स्टॉल होईल; तो पीळ आराखड्यात असेल तर आळस करू नका. सुपर ग्लूनं सगळं विमान जोडता येतं, पण तो सांधा ठिसूळ असतो आणि पेट्रोल इंजिन फार हादरवतं. फायरवॉलला सावकाश सुकणारं इपॉक्सी, त्रिकोणी पट्ट्या, आडव्या लाकडी खुंट्या आणि वरून काचकापड. बाहेरून चौरस मीटरला २५ ग्रॅमचं काचकापड पुरतं. राळ ओतायची नाही, जुन्या एटीएम कार्डानं निपटून काढायची. आणि हो, पंख दोन तुकड्यांत करा. खोलीच्या दारातून, गाडीतून न जाणारी विमानं लोकांनी बांधलेली आहेत.

रेडिओचं वेगळं काही नाही, फक्त फोमवाली सवय सोडा. दोन बॅटऱ्या, दोन स्विच. प्रत्येक हलणाऱ्या पृष्ठभागाला धातूच्या दात्यांचे ताकदवान सर्वो, दांड्यांना बॉल लिंक, कुठेही खुळखुळ नको. खुळखुळणारं एलेरॉन वेगात फडफडायला लागलं की काही क्षणांत पंख फाटतो. इग्निशन आणि रिसिव्हर यांच्यात निदान ३० सेंटिमीटर अंतर. इंजिन बंद करायचा स्विच ट्रान्समीटरवर, आणि सिग्नल तुटला तर इंजिन मंद नाही, बंद. अनेक देशांत २५ किलोच्या पुढे नियम एकदम कडक होतात. १२-१४ किलोवर तो प्रश्न येत नाही, पण विमा आणि मैदानाची परवानगी बांधायला घेण्याआधी बघून ठेवा.

रंगकामात एकच सांगतो. ‘एक थंडरबोल्ट’ रंगवू नका. नंबरासह एक ठराविक विमान निवडा आणि त्याचेच फोटो जमवा. तीन बाजूंच्या छापील आकृत्या एकमेकींशी जुळत नाहीत, फोटो खोटं बोलत नाही. अमेरिकी रंगांना एफएस ५९५ (आता एएमएस-एसटीडी-५९५), जर्मन रंगांना आरएलएम या रंगतक्त्यांतले क्रमांक आहेत. पुढेमागे एफएआय या जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या एफ४सी या मापाच्या मॉडेलांच्या स्पर्धा वर्गात उतरायचं असेल तर विमान स्वतःच बांधलेलं लागतं आणि पुरावे परीक्षकांसमोर ठेवावे लागतात, तेव्हा बांधणीचे फोटो काढत राहा.

गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी जीवेच्या (पुढच्या ते मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या) पुढून २५ टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा, टाकी रिकामी असताना. पी-४०, हेलकॅट, कोर्सेअर यांचे पाय मागे मिटतात, म्हणजे मिटल्यावर तोलही मागे सरकतो. तो पाय मिटलेल्या अवस्थेतच तपासा.

इंजिन सुरू करताना शेपूट दोरीनं बांधलेली, एक माणूस धरायला, अग्निशामक हाताशी, आणि प्रॉपेलरच्या रेषेत कुणी उभं नाही. २२ इंचांचा प्रॉपेलर बोट तोडत नाही, हात तोडतो. पहिल्या दिवशी नुसतं जमिनीवर फिरवा. मग धावताना थ्रॉटल एकदम उघडू नका, हळूहळू वाढवा. विमान डावीकडे ओढेल, उजवा रडर तयार ठेवा, शेपूट उचलली जाऊ द्या, आणि वेग भरपूर झाल्यावरच हलकेच उचला. ग्रिफन इंजिनाची खरी स्पिटफायर उजवीकडे ओढायची, कारण तिचा प्रॉपेलर आधीच्या मर्लिन इंजिनाच्या उलट फिरे; मॉडेलचं इंजिन मात्र नेहमीच्याच दिशेला फिरतं, तेव्हा पुस्तकातलं वाचून डावा अंगठा चुकीकडे नेऊ नका. उंचीवर गेल्यावर फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा) टाकून, पाय खाली करून, वेग कमी करत स्टॉल कुठे होतो ते बघा. उतरताना थ्रॉटल बंद करून तरंगत आणायचा मोह आवरा. थोडी ताकद ठेवून पुढच्या दोन चाकांवर टेकवा, टेकल्यावरच बंद करा.

पहिली टाकी संपली की दुसरी लगेच भरू नका. काऊल काढा. सायलेन्सरचे बोल्ट, इंजिनाचे माउंट, फायरवॉलच्या कडेनं बारीक चीर, पायांच्या पाटीचे स्क्रू, सगळं बघा. लाकडी प्रॉपेलर पहिल्या चालण्यात दाबला जातो आणि त्याचे बोल्ट सैल पडतात. ते पुन्हा आवळल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही.